अनुक्रमांक सतरा

केगावच्या मैदानावर सकाळी सहाला
मी भिंतीला टेप चिकटवते.
बोटांना खडू. टाचा जमिनीला. हात वर : एक खूण.
मग उडी : दुसरी खूण.
मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये.
आठनंतर ऊन असं चढतं
की पोरींच्या घामात खडू विरघळतो
आणि भिंतीवर नुसते ओघळ राहतात,
ते मोजता येत नाहीत.

चाळीस खेळाडू हा माझा नमुना.
सतरावी : नागमणी म्याकल, सेटर,
राहणार साखर पेठ.
उंची एकशे एकावन्न,
उडी एकोणतीस, सरासरीपेक्षा नऊने कमी.
भिंतीवर चेंडू मारायच्या चाचणीत मध्यम.
बझर वाजला की बटण दाबायचं,
त्यात चाळिसांत चौतिसावी.
मी पुन्हा घेतली चाचणी.
पुन्हा चौतिसावी.

आणि अकलूजच्या संघाशी सामना होता तेव्हा
ती आत असताना आम्ही एकवीस गुण घेतले,
बाहेर बसवली तेव्हा सात.

हत्तुरे सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
ही नोंद सहसंबंध बिघडवते आहे.
काढून टाका.
एकोणचाळीसही चालतील.

काढायला काय,
एक ओळ निवडायची, एक कळ दाबायची.
मी त्याऐवजी सामन्याचं चित्रीकरण लावलं, हळू करून.
समोरची मुलगी सर्व्हिसला उभी.
तळहात चेंडूला लागायच्या आधी,
चांगलाच आधी,
नागमणीचा डावा पाय सरकलेला.
मी मागे नेलं. पुन्हा सरकलेला.
सात वर्षं खेळले मी, गुडघा जाईपर्यंत,
माझा पाय कधी असा सरकला नाही.

विचारलं तर ती
शेंगदाणे चावत म्हणाली,
कळतंय की ओ मॅडम.
काय कळतं?
ती हात मारायच्या आधी श्वास धरती.
बूट घासतो थोडा.
आवाज बदलतो.
आमच्या नान्नाचे चार माग हायत टॉवेलचे,
त्याच शेडमध्ये माळ्यावर झोपतो आम्ही.
धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो, तसंच.
नान्ना झोपेतनं उठतो.
मग मीपण उठती.

मग बझरला का उशीर होतो तुला?

ती हसली. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.
बझर श्वास घेत नाही ना मॅडम.

त्या रात्री मी साखर पेठेतून घरी आले,
आडवळणानं, मुद्दाम.
स्कूटर बंद करून उभी राहिले एका शेडबाहेर.
खटखट खटखट, दिव्याला तंतूंची धूळ,
धोटा इकडून तिकडे.
मला एकच आवाज ऐकू येत होता,
सलग, भिंतीसारखा.
आत बनियनवर एक माणूस
कुणाशी तरी तेलुगूत बोलत होता, पाठ मागाकडे.
बोलता बोलता त्याचा हात मागे गेला
आणि माग थांबला.
तो वळला, वाकला, धागा शोधून गाठ मारली,
दुसऱ्या हातानं कान खाजवला.
आवाज कुठे बदलला?
मी तिथेच होते, कान देऊन होते,
मला नाही सांगता येणार.

तक्त्यात सतरावी ओळ अजून आहे.
सरांना सांगितलं, काढते, काढते.
सहसंबंध शून्य पूर्णांक एकोणीस,
म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
एक नवा रकाना केलाय तिच्या शेजारी,
त्याला काय नाव द्यावं ठरत नाही,
एकक तर दूरच.

सकाळी पुन्हा टेप, खडू, भिंत.
सर्व्हिसच्या रेषेमागे
मी डोळे मिटून उभी राहते थोडा वेळ.
पोरी हसतात.
चेंडू येऊन खांद्याला लागतो.